स्वयंसेवक म्हणून जर्मनीला जाताय? बोलायची तयारी नाशिकमधूनच करा

मी मखमलाबादची. घरी द्राक्षाची बाग, शिक्षण बी.एस्सी. आणि जर्मनीला जाण्याआधी परदेश म्हणजे फक्त गुगल मॅप. तिकडे दक्षिणेला, स्टुटगार्टच्या बाजूच्या एका छोट्या गावात वृद्धाश्रमात मी वर्षभर स्वयंसेवक होते. परत आल्यापासून आठवड्याला एकतरी फोन येतो, "ताई, मलाही जायचंय, भाषेचं कसं काय जमवलं?" प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी एक सांगून ठेवते. आपल्याकडे जर्मन शिकवतात ती इंग्रजीच्या खांद्यावर बसवून. मीही तशीच शिकले आणि तिथे गेल्यावर सहा आठवडे अडखळत राहिले. मराठीतून विचार करायला लागले तेव्हा कुठे जीभ सुटली. ते कसं, हे पुढे येईलच.

1. योजना कोणती, ते आधी नीट समजून घ्या

जर्मनीत वर्षभराच्या स्वयंसेवेचे दोन मोठे मार्ग आहेत. एक 'एफएसजे', म्हणजे ऐच्छिक सामाजिक वर्ष. ते 27 वर्षं पूर्ण व्हायच्या आत करायचं. दुसरा 'बीएफडी', म्हणजे केंद्र सरकारची स्वयंसेवा. सक्तीची लष्करभरती स्थगित झाल्यावर 2011 साली ती सुरू झाली आणि तिला वयाची वरची अट नाही. साधारणपणे मुदत बारा महिन्यांची असते. काम सहसा पूर्णवेळ असतं, वृद्धाश्रम, बालवाडी, दवाखाना, अपंगांची संस्था अशा ठिकाणी. शिवाय 27 वर्षांखालच्यांना वर्षाला निदान 25 दिवस शिबिरं असतात.

पगार मिळत नाही, हातखर्च मिळतो. त्यावर कायद्याने कमाल मर्यादा आहे, पण प्रत्यक्ष आकडा जागेनुसार बदलतो. राहायची खोली आणि जेवण कुठे मिळतं, कुठे त्याऐवजी पैसे मिळतात. आरोग्य विम्याचा हप्ता संस्था भरते. करारात हे सगळं लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय सही करू नका, समजलं नाही तर जर्मन शिकवणाऱ्या बाईंना वाचायला द्या.

एजंटबद्दल एकच सांगते: संस्थांकडे थेट अर्ज करता येतो. माझ्या ओळखीच्या एका मुलाने 'प्रोसेसिंग'च्या नावाखाली लाखांत पैसे मोजले आणि त्याला मिळालं काय, तर मी फुकट पाठवलेल्या अर्जासारखाच एक अर्ज.

2. कागदपत्रं

इथे फार रमू नका, पण उशीरही करू नका. मला लागलेली यादी ही:

- पासपोर्ट. नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रात होतो. साध्या 36 पानी पासपोर्टची फी 1500 रुपये.
- दोन्हीकडच्या सह्या असलेला स्वयंसेवेचा करार
- भाषेचं प्रमाणपत्र. बहुतेक ठिकाणी ए2 किंवा बी1 मागतात (या भाषेच्या पातळ्या, ए1 सगळ्यात खालची). परीक्षा पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात (गोएथे इन्स्टिट्यूट) होते.
- जर्मन भाषेत लिहिलेला बायोडेटा आणि 'मला का यायचंय' याचं पत्र
- दहावी, बारावी, पदवीच्या गुणपत्रिका
- राहायच्या जागेची लेखी हमी आणि विम्याचा कागद
- 35 बाय 45 मिलीमीटरचे फोटो
- लसीकरणाचं कार्ड

शेवटची ओळ हसण्यावारी नेऊ नका. बालवाडी, शाळा किंवा दवाखान्यात काम करणार असाल आणि जन्म 1970 नंतरचा असेल, तर 2020 पासून गोवराची लस घेतल्याचा पुरावा सक्तीचा आहे. आपलं लहानपणीचं कार्ड आईने कुठल्या ट्रंकेत टाकलंय ते आजच विचारा.

राष्ट्रीय व्हिसाची फी 75 युरो आहे. माझं व्हिसाचं काम मुंबईत झालं. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने गेले आणि रात्री घरी. यादीत मागितलेलं नसेल तर आधीच नोटरी, अपोस्टिल (परदेशासाठीचा सरकारी शिक्का), भाषांतर करून पैसे घालवू नका.

तिथे पोचल्यावर दोन आठवड्यांच्या आत गावच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. त्यासाठी घरमालकाचं किंवा संस्थेचं पत्र लागतं. ते पहिल्याच दिवशी मागून घ्या.

3. जागा निवडताना 'इथे माझ्याशी बोलणार कोण?' एवढंच बघा

सगळ्यांना बर्लिन हवं असतं. भाषा शिकायची असेल तर बर्लिन सोडा. तिथे तुम्ही एक वाक्य अडखळत बोललात की समोरचा लगेच इंग्रजीवर उतरतो, तुमच्यावर उपकार म्हणून. छोट्या गावात, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना, इंग्रजी फारसं येत नाही. त्यांच्याकडे वेळही भरपूर असतो.

बालवाडीत मुलं छान चुका काढतात, पण भराभर आणि अर्धं बोलतात. प्राण्यांच्या आश्रयघरात काम करणारी माझी एक मैत्रीण वर्षभर कुत्र्यांशीच बोलली. स्वयंपाकघरात नुसतं भांड्यांचा आवाज. माझ्या मते वृद्धाश्रमाला तोड नाही. मुलाखतीत सरळ विचारा, "माझा किती वेळ लोकांबरोबर जाईल आणि किती साफसफाईत?"

4. नाशिकमध्ये करायची तयारी

प्रमाणपत्र आणि बोलणं यांचं काही नातं नाही, हे गृहीत धरा. माझ्याकडे बी1 होतं आणि पहिल्या दिवशी मला "झाडू कुठे आहे?" विचारता आलं नाही.

आपल्या मायको सर्कलचं नाव ज्या कंपनीवरून पडलं ती आता बॉश झाली. त्यामुळे सातपूर-सिडकोत जर्मनीला जाऊन आलेलं, चार वाक्यं बोलणारं कुणीतरी सापडतं. असं कुणी ओळखीत असेल तर आठवड्यातून एकदा चहा पाजा. गोदाघाटावर परदेशी पाहुण्यांना गाठायचा सल्ला मलाही मिळाला होता. मी एकदा रामकुंडावर एका बाईंशी जर्मनमध्ये बोलायला गेले, त्या डच निघाल्या.

खरा उपयोग झाला तो गाड्यांच्या नंबरप्लेटचा. सीबीएसच्या सिग्नलला उभं राहायचं आणि एमएच 15 च्या पुढचे चार आकडे दोन-दोन करून जर्मनमध्ये म्हणायचे. आणि इथेच मराठी कामाला येते. इंग्रजी माध्यमवाल्यांना 47 म्हणताना घाम फुटतो, कारण जर्मन माणूस आधी सात म्हणतो, मग चाळीस: 'झीबन-उंट-फिअरत्सिश'. अहो, आपणही तेच करतो! सत्तेचाळीस म्हणजे आधी सात, मग चाळीस. पंचवीस, छत्तीस, अडुसष्ट, सगळे तसेच. फक्त एकोणतीस, एकोणचाळीसवाल्यांपाशी जपून, तिथे ते सरळ 'नऊ आणि वीस' म्हणतात.

अशा आणखी काही गोष्टी जायच्या आधी डोक्यात पक्क्या करा:

लिंगं तीन आहेत, डेअर, डी, डास. म्हणजे तो, ती, ते. इंग्रजीतून शिकणाऱ्याला 'टेबलाला लिंग कसं काय?' हा प्रश्न पडतो, आपल्याला पडायचं कारण नाही. फक्त कुणाला कुठलं ते जुळत नाही. जेवणाच्या एका ताटाशी तिन्ही बसलेली आहेत: चमचा डेअर, काटा डी, सुरी डास. आणि 'मुलगी' हा शब्द नपुंसकलिंगी आहे म्हणून वर्गात सगळे हसतात. आपण 'ते पोरगं', 'ते लेकरू' म्हणतोच की.

'कारण'ने सुरू होणाऱ्या वाक्यात क्रियापद शेवटी जातं. इंग्रजीत उलटसुलट करावं लागतं. मराठीत शब्दाला शब्द बसतो: वाइल (कारण) इश (मी) म्यूडं (दमलेली) बिन (आहे). मला हे कळलं त्या रात्री मी वहीत दोन पानं नुसती 'कारण'ची वाक्यं लिहिली.

5. घड्याळ

याला वेगळा मुद्दा दिलाय, कारण यात मी स्वतः फसले. दुसऱ्या आठवड्यात एका आजींनी मला त्यांच्या वाढदिवसाच्या कॉफीला बोलावलं. वेळ सांगितली 'हाल्प फिअर'. हाल्प म्हणजे अर्धा, फिअर म्हणजे चार. मी इंग्रजीतल्या हाफ-पास्टच्या हिशेबाने साडेचारला नटूनथटून गेले. कपबशा उचललेल्या, केकची एक कड उरलेली, आणि आजी खिडकीकडे तोंड करून बसलेल्या.

हाल्प फिअर म्हणजे साडेतीन. चारातला अर्धा अजून व्हायचाय, असा तो हिशेब. आपलं अडीच तसंच आहे, तिसऱ्यातला अर्धा. तेव्हा हाल्प द्राय म्हणजे अडीच आणि हाल्प त्स्वाय म्हणजे दीड, एवढी दोन पाठ करा, बाकीची आपोआप जुळतात. दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे काही भागांत 'द्राय-फिअर्टल द्राय' असंही म्हणतात, तीन-चतुर्थांश तीन. म्हणजे चक्क पावणेतीन!

6. पहिले पंधरा दिवस

पाच वाक्यं झोपेतही म्हणता आली पाहिजेत:

- नोख आइनमाल, बिटं. (पुन्हा एकदा सांगा ना.)
- लांगझाम, बिटं. (जरा हळू.)
- वी हाइस्ट डास? (याला काय म्हणतात?) हे बोट दाखवून विचारायचं.
- वास बेडॉयटेट डास? (याचा अर्थ काय?)
- बिटं आउफ डॉइच. (कृपया जर्मनमध्ये.)

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. तरुण सहकारी तुमच्याशी इंग्रजीत बोलतील. पहिल्याच दिवशी हसून हे म्हणा. महिनाभराने म्हणायला गेलात तर उपयोग नाही, तोवर नातं इंग्रजीत जमलेलं असतं आणि ते मोडवत नाही.

नुसती मान हलवू नका. आपल्याला 'हो हो' म्हणायची खोड. मला एका परिचारिकेने काहीतरी सांगितलं, मी हो म्हटलं, आणि दहा मिनिटांनी कळलं की एका आजोबांना न्याहारीला खाली आणायचं होतं. ते वरच वाट बघत बसले होते. न समजलेल्या 'हो'ने तिथे कुणाचं तरी जेवण चुकतं किंवा औषध चुकतं.

तू-तुम्हीचं: सहकारी 'डू' म्हणजे तू म्हणा म्हणतील. राहणाऱ्या वृद्धांना मात्र कायम 'झी', म्हणजे तुम्ही, आणि 'फ्राउ' किंवा 'हेअर' लावून आडनाव. आपल्या तोंडात आपसूक 'आजी' येतं. मी प्रेमाने एकींना 'ओमा' म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मी तुमची आजी नाही." आपल्याकडे आजी म्हणणं हा मान आहे, तिथे तो परक्या बाईचं नाव पुसण्याचा प्रकार वाटतो. (या लेखात मी त्यांना आजी म्हणतेय, कारण इथे त्या ऐकायला नाहीत.)

7. बोलायचं काय?

हवामानावर तीन दिवस निघतात. चौथ्या दिवशी काय?

हातात वस्तू असली की बोलणं चालतं. घड्या घालायचे टॉवेल, सोलायचे बटाटे, भिंतीवरचा लग्नाचा फोटो. समोरासमोर खुर्च्या टाकून 'आता बोलूया' म्हटलं की दोघांचीही पंचाईत.

माझं गाडं एका आजोबांमुळे सुटलं. त्या भागात नेकार नदीच्या काठी उतारांवर द्राक्षाचे मळे आहेत, आणि या आजोबांचा स्वतःचा मळा होता. मला हे माहीत नव्हतं. मी मोबाइलमध्ये घरचे फोटो दाखवत होते, त्यात आमची बाग आली. त्यांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि बोटाने एका ओलांड्याला, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीला, टकटक केलं. "छाटणी कधी?" मी म्हणाले, वर्षातून दोनदा. त्यांना वाटलं माझी भाषा चुकली. त्यांनी एक बोट वर केलं. मी दोन बोटं वर केली. त्यांनी मान हलवून पुन्हा एकच बोट वर केलं, जरा रागानेच. तिकडे वेल थंडीत झोपतो, त्यामुळे छाटणी एकदाच. मग मी कागदी रुमालावर वेल काढली, एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, आमच्याकडे बर्फच नाही, वेल झोपतच नाही, सगळं तुटक्या शब्दांत. त्या अर्ध्या तासात मला रेबं (वेल), ट्राउबं (द्राक्ष) आणि शेअरं (कात्री) हे शब्द मिळाले, तेही कायमचे. आणि 'लेझन'. जर्मनमध्ये पुस्तक वाचायलाही लेझन आणि द्राक्षं तोडायलाही लेझन. वाचणं आणि वेचणं एकच!

दुसऱ्या दिवशी आजोबा जेवणाच्या हॉलमध्ये सगळ्यांना दोन बोटं दाखवून सांगत होते. त्या आठवड्यात माझ्याशी निदान सहा जण आपणहून बोलायला आले.

आणखी एक शिक्षिका मला मिळाली, स्मृतिभ्रंश झालेल्या एक आजी. त्या रोज दुपारी तीच गोष्ट सांगायच्या, लहानपणी बर्फात हरवलेल्या बुटाची. पहिल्या दिवशी मला 'बूट' एवढंच कळलं. महिन्याने बहीण कोण, रस्ता कुठला, आई काय म्हणाली हे कळलं. तिसऱ्या महिन्यात त्या एखाद्या शब्दापाशी अडल्या की तो शब्द मी पुरवायचे. बाकी लोक कंटाळून उठून जायचे. एवढी उजळणी तुम्हाला कुठलाही क्लास करून देणार नाही. त्यांना 'हे काल सांगितलंत' असं मात्र कधी म्हणू नका.

यातलं बाहेर काय सांगायचं याला सीमा आहे. राहणाऱ्या लोकांचे फोटो, नावं, आजार काहीही घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचं नाही. गोपनीयतेच्या कागदावर सही घेतलेली असते, आणि ते लोक ती गंभीरपणे घेतात.

8. वही

खिशात मावेल अशी घ्या. शब्द लिहू नका, ज्याने म्हटलं त्याचं आख्खं वाक्य लिहा, देवनागरीत लिहिलं तरी चालेल. रात्री शुद्धलेखन बघा. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य कुणावर तरी वापरा. दिवसाला तीन वाक्यं, बस. मी सुरुवातीला तीस लिहायचे आणि एकही वापरायचे नाही.

9. पुस्तकातली भाषा आणि गावातली भाषा

आपल्याकडे पुण्याचा माणूस सटाण्याकडे अहिराणीत बोलणाऱ्यांत जाऊन बसला तर त्याचं जे होतं, ते माझं तिथे झालं. त्या भागात स्वाबियन बोली. नमस्कार 'ग्र्यूस गॉट', थोडंसं म्हणजे 'बिसले', आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'गेल?', आपल्या 'ना?' सारखं.

गंमत यापुढे आहे. पुस्तकात 'हेबन' म्हणजे उचलणं. स्वाबियनमध्ये 'हेब' म्हणजे धर. सहकारी म्हणाली ट्रे हेब, मी उचलला, ती त्यात सूप ओतत होती. पुस्तकात 'टेपिश' म्हणजे गालिचा, तिथल्या म्हाताऱ्या माणसांकडे ती पांघरायची चादर. 'थंडी वाजतेय, टेपिश दे' म्हटल्यावर मी बराच वेळ जमिनीकडे बघत होते. आणि 'फूस' म्हणजे पुस्तकात पाऊल, तिथे मांडीपर्यंत आख्खा पाय. कुणी फूस दुखतो म्हटलं तर 'कुठे?' म्हणून हाताने दाखवायला सांगा. काळजीच्या कामात हा फरक महत्त्वाचा.

बोली बोलायचा प्रयत्न लगेच करू नका, आधी नुसती ऐका. पण एखादं 'गेल' योग्य जागी टाकलंत तर बेकरीवाली बाई दोन मिनिटं जास्त बोलते.

10. कामाबाहेर

शिबिरात आणि शहरात भारतीय मुलं भेटतात. भेटा, जेवा, रडाही. पण खोली त्यांच्यासोबत घेऊ नका. घरी आल्यावर हिंदी-मराठी सुरू झाली की दिवसभराची जर्मन रात्रीत धुऊन निघते.

संध्याकाळी 'फोल्क्सहोखशूलं' नावाच्या लोकशाळेत स्वस्तात वर्ग असतात, भाषेचेच नाही, शिवणाचे आणि स्वयंपाकाचेही. मी शिवणाला गेले. भाषेच्या वर्गात सगळे माझ्यासारखेच परके होते, शिवणाच्या वर्गात सगळ्या गावच्या बायका.

आणि स्वाबियन भागात 'केअरवोखं' असते. इमारतीचा जिना झाडायची आठवड्याची पाळी, दाराला पाटी अडकवलेली. टाळाटाळ करू नका, उलट हळूहळू झाडा. वरच्या मजल्यावरच्या काकू कोपरे बघायला हमखास येतात. माझी सगळ्यात लांब जर्मन संभाषणं त्या जिन्यातच झाली.

11. सामानात काय न्याल

दुधाचे पदार्थ नेऊ नका. पेढे, तूप युरोपात आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. आपला चिवडा चालतो, पण कमी तिखटाचा घ्या. मी नेला तो खाऊन आमची मुख्य परिचारिका पाणी पीत राहिली.

मी बेदाणेही नेले होते, घरचे. द्राक्षवाल्या आजोबांनी एक तोंडात टाकला, चावला, आणि विचारलं, किती दिवस सुकवता? उन्हात की सावलीत? आधी कशात बुडवता? मला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं, मराठीतसुद्धा. तिथून मखमलाबादला फोन लावला. पप्पा फोनवर ओरडून सांगतायत, सावलीत, पंधराएक दिवस, आणि मी अर्धवट जर्मनमध्ये आजोबांना. तेव्हा निघायच्या आधी एक संध्याकाळ घरच्यांजवळ बसा आणि तुमच्या घरी जे पिकतं, शिजतं किंवा विकलं जातं त्याची सगळी माहिती विचारून घ्या.